नऊ बोटं कमी

आमचे गणिताचे मास्तर सदऱ्याच्या खिशात एक लांब सुतळी बाळगत. तिला हाताहातावर गाठी मारलेल्या होत्या आणि शेवटच्या हातावर बोटाबोटाला शाईच्या खुणा केलेल्या होत्या. कुठेही गेले की त्यांचं पहिलं काम मोजण्याचं. शाळेचे खांब, अंगणातल्या निंबाचं खोड, आमच्या मुख्य बाईंच्या सायकलचं चाक, हे सगळं त्यांनी मोजून ठेवलेलं होतं. शेजारच्या घरी बाळ जन्मलं तेव्हा बघायला गेले आणि त्यालाही सुतळी लावून आले. मोजल्याशिवाय ओळख झाली असं म्हणू नये, असं त्यांचं मत होतं.

धाकट्याने पत्रात विचारलं आहे की आजी, तू मिशनच्या शाळेत शिकलीस, तर बायबलात चुका आणि विसंगती आहेत की नाहीत हे तुमच्याकडे कधी कोणी विचारलं का. त्याच्या वसतिगृहातले दोन मित्र यावरून भांडले आणि आता एकमेकांशी बोलत नाहीत म्हणे. प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही. पण हा प्रश्न उराशी धरून बसलेला एक माणूस मला चांगला माहीत होता. त्याच्याविषयी तुम्हा तिघांनाही लिहिते. सगळं क्रमाने लिहायचं ठरवून बसले होते, पण मास्तर आठवायला लागले की ते क्रमाने येत नाहीत.

शाळा नंदुरबारला होती, मुलींची, स्टेशनाच्या पलीकडे. मी कोरीटची. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून दोन-चार वर्षं होती. शाळेच्या मुख्य बाई म्हणजे मिससाहेब, कुठल्याशा थंड मुलखातून आलेल्या. त्या एकदा भर उन्हात सायकलवरून आमच्या गावी मुली मागायला आल्या. त्या फुफाट्यात सायकल चालवणारी बाई पाहून माझे वडील इतके दिपले, की पाणी देऊन होण्याआधीच त्यांनी मला न्या म्हणून सांगून टाकलं. आई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मी बोर्डिंगात राहू लागले आणि मास्तरांच्या हाती सापडले.

मास्तर नगरकडचे. त्यांचे आजोबा ख्रिस्ती झाले होते, त्यामुळे बायबल त्यांच्या घरात तीन पिढ्या होतं आणि मास्तरांना ते जवळजवळ पाठ होतं. अहिराणी त्यांना बोलायची फार हौस होती, पण ती त्यांना कधीच साधली नाही. बाजारातली माणसं त्यांच्याशी मुद्दाम लांबलचक बोलत आणि ते गेल्यावर हसत. मास्तरांना ते ठाऊक होतं. त्यांना हसं झाल्याचं वाईट वाटत नसे, चूक कळली नाही तर वाईट वाटे.

जेवणाआधी ते प्रार्थना करत. ती फार लांब असे, कारण ज्यांच्यासाठी मागायचं त्यांची यादी मोठी होती. मुली, मिससाहेब, स्वयंपाकी, पोस्टमन, गावातले आजारी, आणि आजारी बैलसुद्धा. शेवटी क्षणभर थांबून ते म्हणत, "चूकभूल देणे घेणे. आमेन." एका नव्या बाईंना हे ऐकून ठसका लागला होता. मास्तर गंभीरपणे म्हणाले, कोणी राहून गेलं असेल तर देवाला सांगून ठेवलेलं बरं.

परीक्षेत गणित सुटलं नाही आणि मुलीने खाली 'मला येत नाही' असं लिहिलं, तर ते एक गुण देत. चुकीचं उत्तर ठासून लिहिलं तर शून्य. तुमच्या आईला आणि मामाला मी हाच नियम लावला होता. दोघांनी त्याचा गैरफायदाही भरपूर घेतला.

आता त्यांच्या वहीकडे येते. तिला ते शंकावही म्हणत. बायबल आणि ही वही एकाच तांबड्या फडक्यात बांधलेली असत. वाचता वाचता कुठे दोन ठिकाणची हकिगत जुळली नाही, किंवा आकडा पटला नाही, की ते डाव्या पानावर शंका लिहीत. उजवं पान उत्तरासाठी कोरं. पहाटे थडग्यापाशी बायका किती गेल्या? एक शुभवर्तमान एक सांगतं, दुसरं दोन, तिसरं तीन. शलमोन राजाचे तबेले चाळीस हजार की चार हजार? माझ्या वेळी अशा एकावन्न शंका झाल्या होत्या आणि उजवीकडची बहुतेक पानं कोरी होती.

एकदा मी विचारलं, मास्तर, तुमचा विश्वास आहे ना या पुस्तकावर, मग त्याच्या चुका का शोधता. तेव्हा त्यांच्या घरून जेवणाचं बोलावणं आलं होतं. ते उठत उठत म्हणाले, "भाजीत मीठ कमी आहे असं रोज सांगणारा नवरा जेवायला रोज घरीच जातो, बाळ."

वहीतली एक शंका सशाची होती. लेवीयाच्या पुस्तकात ससा रवंथ करतो असं लिहिलं आहे. मास्तर म्हणाले, भांडण कशाला, पाहून घेऊ. त्यांनी डोंगराकडून लाकडं विकायला येणाऱ्या एका माणसाला सांगून जिवंत ससा मागवला आणि व्हरांड्यात खोक्याला जाळी लावून ठेवला. आम्हा मुलींच्या पाळ्या लागल्या. पाटीवर लिहायचं, ससा किती वेळ तोंड हलवतो आणि तोंडात काही असताना हलवतो की नसताना. ससा सदा तोंड हलवायचा. आमची निम्मी पाटी 'हो' आणि निम्मी 'नाही' अशी भरली. आमचा स्वयंपाकी रोज खोक्यापाशी येऊन उकिडवा बसे. एक दिवस म्हणाला, "मास्तर, तो रवंथ करस का नही ते देव जाणे. रस्सामा मातर भलता चांगला लागस." मास्तरांनी त्याच दिवशी ससा सोडून दिला. वहीच्या उजव्या पानावर त्यांनी लिहिलं, 'दिसायला करतो. खरं सशाला माहीत.'

इथवर सगळी गंमत होती. पुढे जे झालं ते माझ्यामुळे झालं, म्हणून ते नीट सांगते.

मास्तरांना आम्हाला उणे संख्या शिकवायच्या होत्या. शून्याच्या खाली आकडा असतो हे आम्हाला पटेना. शेतात उणे दोन बैल कसे असतील? मास्तरांनी बरेच दाखले दिले आणि मग फडकं सोडून बायबल काढलं. यहूदाचा एक राजा, बत्तिसाव्या वर्षी गादीवर बसला, आठ वर्षं राज्य करून मेला. त्याचा धाकटा मुलगा लगेच गादीवर आला. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात लिहिलंय की तेव्हा मुलाचं वय बेचाळीस होतं. तर मुलगा जन्मला तेव्हा बापाचं वय किती?

मी पाटीवर वजाबाकी केली, पुन्हा केली, आणि उभी राहून म्हणाले, उणे दोन. मास्तरांचा चेहरा दिवाळीसारखा उजळला. उणे संख्या मला त्या दिवशी जी कळली ती कायमची.

राजांच्या पुस्तकात त्याच मुलाचं वय बावीस दिलं आहे आणि ते हिशेबात बसतं, हेही त्यांनी आम्हाला तिथेच सांगितलं होतं. पण मुलींच्या लक्षात कोणतं राहणार हे उघड आहे.

वर्षातून एकदा एक वृद्ध पाद्रीसाहेब शाळा पाहायला येत. त्या वर्षी ते आले, मुलींना ओळीने बसवलं आणि विचारलं, यहूदाच्या राजांविषयी तुम्ही काय शिकलात ते कोण सांगेल. मी हात वर केला. मला वाटलं होतं मास्तरांचं नाव काढावं. मी उभी राहिले आणि बत्तीस अधिक आठ, वजा बेचाळीस, सगळं खणखणीत म्हणून दाखवलं आणि शेवटी, मुलगा बापापेक्षा दोन वर्षांनी मोठा होता, असं सांगून नमस्कार करून खाली बसले.

पाद्रीसाहेबांनी चष्मा काढला. मागच्या रांगेतल्या मुली हसल्या. मिससाहेबांचे कान लाल झाले. मास्तर भिंतीशी उभे होते. ते मात्र मान हलवत होते, उत्तर बरोबर आहे म्हणून.

पाद्रीसाहेब फार काही बोलले नाहीत. जुन्या काळी नकला हाताने करत, कोणा नकलनवीसाचा आकडा चुकला असेल, एवढंच म्हणाले, आणि पुढचं मिससाहेबांवर सोपवून गाडीने गेले. मिससाहेबांनी मास्तरांना बोलावलं. त्या वाईट नव्हत्या, पण त्यांचा स्वभाव फुटपट्टीसारखा होता. त्यांनी एक कागद लिहून ठेवला होता: बायबलात एकही चूक नाही असं मी मानतो. मास्तरांनी खाली सही करायची. महिनाअखेरपर्यंत सही झाली नाही तर नोकरी सोडायची आणि आवारातलं घरही.

मास्तरांनी कागद घरी आणला आणि देव्हाऱ्यासारख्या कोनाड्यात ठेवला. सही मात्र केली नाही. ते म्हणत, एकही चूक नाही हे मला अजून माहीत नाही. माहीत नसताना लिहिलं तर मीच मला शून्य देईन.

मी रडत रडत त्यांच्या घरी क्षमा मागायला गेले तेव्हा त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना मास्तरीणबाई म्हणत असू, माळ्यावरून पितळेची भांडी खाली काढत होत्या. पुढचं घर कुठे असेल हे कोणालाच माहीत नव्हतं. त्या मला पाहून नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "सही करून टाका म्हणते मी. तो राजाचा मुलगा बापापेक्षा मोठा असो नाहीतर आजापेक्षा. आपल्याला काय त्याचं लग्न जमवायचंय?" मास्तर आतून म्हणाले, खरं आहे, पण सही माझी आहे. मग बाहेर येऊन त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, तुझी वजाबाकी बरोबर होती, रडायचं काही कारण नाही. मला त्याने जास्तच रडू आलं.

महिना संपत आला. शेवटच्या आठवड्यात मिससाहेबांनी मास्तरांना पुन्हा बोलावलं. मी फळा पुसत होते, त्यामुळे सगळं ऐकलं. त्या म्हणाल्या, तुमची सगळ्यात मोठी शंका सांगा, मी एका शंकेचं निरसन करते, मग तरी सही करा. मास्तरांनी गंगाळसागर निवडला. शलमोनाच्या मंदिरासमोर पितळेचं एक प्रचंड वाटोळं गंगाळ होतं. बायबल म्हणतं, या काठापासून त्या काठापर्यंत दहा हात आणि भोवतालचा घेर तीस हात. मास्तर म्हणाले, दहा हात रुंदीच्या वर्तुळाचा घेर एकतीस हातांच्या वर जातो. तीसमध्ये ते मिटतच नाही. मिससाहेब म्हणाल्या, साधारण तीस असं धरावं. मास्तर म्हणाले, साधारण लिहिलं तर मी मुलींना गुण देत नाही. आणि हे मी म्हणत नाही, कुठलाही लोहार सांगेल.

"मग लोहारालाच विचारू," मिससाहेब म्हणाल्या, आणि त्यांनी टोपी घातली.

बाजाराचा दिवस होता. पुढे मिससाहेब, मागे काखेत तांबडं फडकं घेऊन मास्तर, आणि पाटी घेऊन मी. मिरच्यांच्या पथारींवरून जावं लागलं. लांबच लांब लाल मिरची वाळत पडलेली, आणि आम्ही तिघेही शिंकत शिंकत चाललो होतो. मिससाहेब शिंकल्यावर दर वेळी 'माफ करा' म्हणत. कोणाला म्हणत होत्या कोण जाणे.

पथारींच्या टोकाला म्हाताऱ्या लोहाराचं दुकान होतं. गाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आमच्या गाडीची चाकंही त्याच्याकडेच येत. मास्तरांनी त्याला शलमोनाचं नाव न घेता विचारलं, दहा हात रुंदीचं चाक असेल तर तीस हातांची धाव पुरेल का.

लोहाराने आधी एवढं मोठं चाक कोणाच्या गाडीचं, असं विचारलं. मग मान हलवली. "तीस हातनी धावनं तोंड मिळावं नही, मास्तर. दीड हातनी फट ऱ्हाई जाई."

मी पाटीवर केलं. हाताची चोवीस बोटं, म्हणजे रुंदी दोनशे चाळीस बोटं, त्याला बावीस सप्तमांशांनी गुणलं, त्यातून तीस हातांची सातशे वीस वजा केली. चौतीस बोटं कमी. दीड हाताला दोनच बोटं कमी. लोहाराने नुसत्या अंदाजाने सांगितलं होतं.

मिससाहेबांनी टोपी काढून हातात घेतली. मास्तर जिंकले होते, पण त्यांच्याकडे बघवेना. त्यांना ते उत्तर नकोच होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. एकावन्न शंकांपैकी एक तरी कोणीतरी सोडवावी म्हणून ते इतकी वर्षं वाट पाहत होते.

लोहार भात्याकडे वळला होता. वळता वळता त्याने विचारलं, "काठ कितला जाड शे?"

मास्तर म्हणाले, काठाचं काही लिहिलेलं नाही. पण फडकं सोडून त्यांनी पान उघडलं, बोट खाली नेलं, आणि तिथेच ऐरणीशेजारच्या ओंडक्यावर बसले. काठाची जाडी चार बोटं. त्याच अध्यायात, तीनच वचनं खाली. घेराचं वचन वाचून ते दर वेळी इतके खवळत, की पुढची तीन वचनं त्यांनी कधी मोजमापाच्या डोळ्याने वाचलीच नव्हती.

"मंग रुंदी मोजी बाहेरथून नि घेर मोजा मधथून," लोहार म्हणाला. "मन्हाकडे शिकाले येतस त्या पोरे पहिला साल हाईच करतस."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्हीकडची चार-चार बोटं रुंदीतून काढली. दोनशे बत्तीस. पुन्हा गुणलं. सातशे एकोणतीस आणि वर थोडंसं. वजा सातशे वीस.

"किती?" मिससाहेबांनी विचारलं.

"नऊ बोटं कमी," मी म्हणाले.

चौतिसावरून नऊवर आलो होतो. मास्तर आणि मिससाहेब माझ्या पाटीवर वाकून उभे राहिले, त्यांची डोकी जवळजवळ टेकली. मिससाहेबांनी लोहाराला त्यांच्या पुस्तकी मराठीत विचारलं, या नऊ बोटांना आपण चूक म्हणाल काय.

लोहार म्हणाला, धाव थोडी कमीच ठेवावी लागते. चाक तीन हातांचं असेल तर तीनेक बोटं कमी. मग ती लालबुंद तापवायची, फुगली की चाकावर चढवायची आणि पाणी ओतायचं, की ती आवळून बसते. "बराबर मापनी धाव दोन रोजमा निंघी जास, बाईसाहेब."

मिससाहेबांचा चेहरा खुलला. त्यांनी मनात हिशेब केला असावा, तीन हातांना तीन तर दहा हातांना नऊ-दहा. पण मास्तर लगेच म्हणाले, "ते धावेचं झालं. हे तर ओतीव गंगाळ आहे, तापवून चढवलेलं नाही." लोहार म्हणाला, ते तुम्ही जाणा, आणि भाता हलवू लागला.

आणि मिससाहेब हसल्या. मी त्यांना तोवर कधी हसताना पाहिलं नव्हतं. आधी नाकातून, मग मोठ्याने, पुढे मिरचीने शिंका आल्या तरी हसतच राहिल्या. स्वतःच्या घराची भांडी माळ्यावरून खाली आलेली असताना हा माणूस हाती आलेलं उत्तर परत करत होता, हे त्यांच्या ध्यानात आलं असणार. परत येताना वाटेवर दोघे घेर आणि काठ यांविषयीच बोलत होते.

दुसऱ्या दिवशी महिन्याची अखेर. मास्तरांना बोलावणं आलं. जे झालं ते मास्तरीणबाईंनी मला नंतर सांगितलं, आणि तो कागद तर मी स्वतः वाचला. मिससाहेबांनी जुना कागद फाडून नवा लिहिला होता. त्यात होतं: 'बायबलात चूक आहे की नाही याचा मास्तर शोध करीत आहेत. शोध पूर्ण होईपर्यंत त्यांना ही शाळा सोडून जाता येणार नाही.' खाली त्यांची सही आधीच केलेली होती.

मास्तरांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, यात एक दोष आहे. मास्तरीणबाई मला म्हणाल्या, मी दाराशीच उभी होते, मनात म्हटलं आता हे काय काढतात. मास्तरांनी टाक घेतला, 'मास्तर' या शब्दापुढे 'व मिससाहेब' असं घातलं, आणि मग सही केली. मिससाहेबांनी ते वाचलं. म्हणाल्या, शुक्रवारी चार वाजता मला वेळ असतो.

भांडी माळ्यावर चढली. तेव्हापासून दर शुक्रवारी चार वाजता व्हरांड्यात दोन खुर्च्या पडत. मध्ये वही आणि दोघांची दोन बायबलं, एक मराठी आणि एक त्यांच्या भाषेतलं. त्यांचे आवाज बोर्डिंगापर्यंत येत. कधी मास्तर ताडकन उठून अंगणात दोन फेऱ्या मारून परत बसत. कधी मिससाहेब पुस्तक मिटत आणि चहा मागवून पुन्हा उघडत. उजवीकडची काही पानं भरली. डावीकडची त्याहून जास्त भरली, कारण आता मिससाहेबही शंका काढू लागल्या होत्या.

मी शाळा सोडून पुढे शिकायला सुरतेला निघाले तो दिवस शुक्रवारचा होता. वडील स्टेशनावर ट्रंक घेऊन पुढे गेले होते. मी दोघांच्या पाया पडावं म्हणून व्हरांड्याशी आले. थडग्यापाशी गेलेल्या बायका किती, यावर त्यांचं जोरात चाललं होतं. मिससाहेब म्हणत होत्या, एकीचंच नाव लिहिलं म्हणून ती एकटी होती असं कुठे आहे. मास्तर म्हणत होते, मग बाकीच्यांची नावं गाळणारा कोण. मी पायरीवर उभी राहिले. मास्तरांनी मान वर न करता हात केला, थांब म्हणून. मी थांबले. थोड्या वेळाने मिससाहेबांनीही तसाच हात केला. गाडीची शिट्टी ऐकू आली तेव्हा ते चौथ्या शुभवर्तमानापर्यंत आले होते. मी पायरीवरूनच दोघांना नमस्कार केला आणि स्टेशनाकडे पळत सुटले.